स्टेम प्लांटचा बुडखा वारंवार कुजतो आणि जुडी तरंगते: कारण कसे शोधावे, उपाय कोणते

हायग्रोफिला, रोटाला, लुडविजिया, बकोपा, अंबुलिया ही स्टेम प्लांट, म्हणजे उभ्या खोडावर पेऱ्यापेऱ्याला पाने येणारी पाणवनस्पती, घरच्या गोड्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी नेहमी सुचवली जातात, आणि ते योग्यच आहे. ती लवकर मूळ धरतात, मध्यम प्रकाशात वाढतात आणि माशांच्या विष्ठेतून पाण्यात येणारे नत्र झपाट्याने शोषून घेतात. तरीही त्यांच्याबाबत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. लावल्यावर काही आठवडे शेंडे भराभर वर येतात; मग खालची पाने पिवळी पडून गळतात, खोड तपकिरी आणि मऊ होते, आणि एके दिवशी अख्खी जुडी बुडख्यापाशी तुटून पाण्यावर तरंगू लागते. तीच जुडी पुन्हा वाळूत खोचली की थोड्या दिवसांनी पुन्हा तेच घडते.

यावर अनेक जण एकाच आठवड्यात तीन उपाय करतात: दिवा वाढवतात, खताची नवी बाटली आणतात आणि सगळी झाडे उपटून पुन्हा लावतात. त्यामुळे सुधारणा झाली तरी ती कशामुळे झाली हे कळत नाही, आणि झाली नाही तर शेवाळ मात्र पदरात पडते. माझा आग्रह असा, की काहीही बदलण्यापूर्वी नुकसान कोणत्या पानांपासून सुरू झाले हे पाहावे आणि मग एकेक कारण क्रमाने तपासावे. ही झाडे वेगाने वाढत असल्यामुळे केलेल्या बदलाचा परिणाम दोन-तीन आठवड्यांतच दिसतो, आणि म्हणून घाई करण्याचे कारण उरत नाही.

जुनी पाने बिघडली की नवी

नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडाला एका पानातून काढून दुसऱ्या पानाकडे नेता येतात. ती कमी पडू लागली की झाड खालच्या जुन्या पानांतून ती काढून शेंड्याला पुरवते. म्हणून शेंडा बराच काळ टवटवीत राहतो आणि लक्षणे खाली दिसतात. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन यांना एकदा पानात जागा मिळाली की तिथून सहसा हलवता येत नाही, त्यामुळे त्यांची कमतरता कोवळ्या पानांवर उमटते: लोह कमी असेल तर नवे पान फिकट पिवळे होते आणि शिरा हिरव्या राहतात, कॅल्शियम कमी असेल तर नवे पान वेडेवाकडे आणि आखडलेले येते.

बुडखा उघडा पडण्याची तक्रार जवळजवळ नेहमी जुन्या पानांची असते. म्हणूनच लोहाची बाटली ओतून ती सुटत नाही, जरी तो उपाय सर्वांत आधी केला जात असला तरी. मात्र जुनी पाने केवळ उपासमारीने गळतात असेही नाही. सावलीने आणि चुकीच्या लावणीनेही नेमकी तीच पाने जातात. पुढचा सगळा शोध या तीन कारणांमध्ये फरक करण्याचा आहे.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. हायग्रोफिला पॉलिस्पर्माच्या एका गुलाबी वाणाच्या पानांवर पांढरट शिरा असतात. ते त्या वाणाचे लक्षण आहे, कमतरता नव्हे. तसेच लुडविजिया किंवा रोटाला मंद प्रकाशात लालसर न होता हिरवीच राहिली तर तीही कमतरता नाही.

जुडी नुकतीच आणली असेल तर

लावून महिनाही झाला नसेल, तर पानगळीचे कारण बहुधा तुमच्या टाकीत नसतेच. रोपवाटिकेत ही झाडे पुष्कळदा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात, कारण तिथे ती लवकर वाढतात आणि त्यांना शेवाळ लागत नाही. हवेतल्या पानांवर मेणचट थर जाड असतो आणि ती रंध्रांतून हवा घेतात; पाण्याखाली ती निरुपयोगी ठरतात, आणि झाड त्यांच्यातले अन्न काढून घेऊन नवी, पातळ पाने बनवते. रोटाला रोटुंडिफोलियाची हवेतली पाने गोलसर असतात तर पाण्यातली लांबट. हायग्रोफिला डिफॉर्मिसची हवेतली पाने साधी, दातेरी कडांची असतात तर पाण्यातली खोलवर चिरलेली. शेंड्यावर असा वेगळ्या आकाराचा पाला दिसू लागला की झाड पाण्याला रुळले असे समजावे. मग नवा शेंडा आठ-दहा सेंटिमीटर झाल्यावर तो खुडून लावावा आणि जुने खोड काढून टाकावे. जुन्या पानांना वाचवण्यासाठी खत वाढवण्यात काही अर्थ नाही, कारण ती जाणारच असतात.

विकत आणलेली जुडी जशीच्या तशी वाळूत खोचणे हे मात्र कुजण्याचे खात्रीचे कारण आहे. जुडीच्या तळाशी रबर, शिशाची पट्टी किंवा खनिज लोकरीचा बोळा असतो. तो सोडवून आतली खोडे एकेक करून पाहावीत. जिथे पट्टी आवळलेली होती तिथे खोड चपटे झालेले दिसते, त्याचा हिरवा रंग जाऊन ते काचेसारखे अर्धपारदर्शक झालेले असते, आणि बोटांत हलकेच दाबले तर साल सुटून आतला दोरीसारखा भाग तेवढा उरतो. असा भाग वाळूत पुरला तर त्याला मुळे फुटत नाहीत. कुज तिथून वर चढते. म्हणून चपट्या जागेच्या वर, जिथे खोड कडक आणि हिरवे आहे तिथे, धारदार कात्रीने कापून मगच ते लावावे.

झाड स्वतःलाच सावली करते

जुनी, रुळलेली जुडी वारंवार उघडी पडत असेल, तर माझा पहिला संशय सावलीवर असतो. प्रत्येक पान प्रकाशात अन्न बनवते आणि त्याच वेळी श्वसनासाठी अन्न खर्चही करते. प्रकाश एका मर्यादेखाली गेला की पानाची कमाई खर्चापेक्षा कमी होते. असे पान झाडाला ओझे ठरते. झाड त्यातले नत्र आणि मॅग्नेशियम काढून घेते आणि ते गळू देते. स्टेम प्लांट पृष्ठभागापर्यंत पोहोचली की तिथे आडवी पसरते, शेंड्यांचे दाट छत तयार होते आणि बुडख्यापर्यंत प्रकाश पोहोचेनासा होतो. म्हणजे झाड जितके जोमाने वाढेल तितका त्याचा बुडखा लवकर उघडा पडतो, आणि तक्रार करणाऱ्याला वाटते की शेंडे इतके उत्तम असताना खाली काय बिघडले असावे. तरंगणाऱ्या वनस्पतींचा थर आणि दिव्याखालच्या काचेवर साचलेला क्षारांचा पांढरा पापुद्रा हेदेखील प्रकाश अडवतात. काच पुसण्याने पडणारा फरक अनेकदा नवा दिवा घेण्याची गरजच ठेवत नाही.

सावली ओळखण्याची खूण अशी. दोन लगतच्या पेऱ्यांमधले कांडे खाली लांब, बारीक आणि फिकट असेल, गळणारी पाने एकसारखी फिकट होऊन गळत असतील, त्यांच्यावर भोके किंवा डाग नसतील, आणि जुडीच्या कडेची, काचेकडची खोडे मधल्या खोडांपेक्षा खालपर्यंत पानेदार असतील, तर कारण प्रकाश हेच आहे. अन्नद्रव्य कमी असते तर कडेची आणि मधली खोडे सारखीच बिघडली असती.

यावर उपाय दिव्याची वेळ वाढवणे हा नाही. सहा ते आठ तासांपेक्षा जास्त वेळ दिवा चालू ठेवल्याने बुडख्याला पडणारा मंद प्रकाश तीव्र होत नाही, शेवाळाला मात्र वाढीव वेळ मिळतो. दिवा टायमरवर ठेवावा आणि झाडांची रचना बदलावी. दोन खोडांमध्ये दोन ते तीन सेंटिमीटर अंतर असावे. अंबुलिया किंवा हायग्रोफिला डिफॉर्मिससारख्या पसरट पाल्याला त्याहूनही जास्त. नव्या लावणीत हे विरळ दिसते आणि मन मोकळी जागा भरायला धावते, पण तीन-चार आठवड्यांत ती जागा आपोआप भरते.

छाटणीही शेंडा पृष्ठभागाला टेकण्यापूर्वी, तो पाच-सात सेंटिमीटर खाली असतानाच करावी. टेकल्यानंतर छाटणी करणाऱ्याला तोपर्यंत उघडे पडलेले खोड मिळते, आणि उघड्या खोडावरचे डोळे, म्हणजे सुप्त कोंब, फार उशिरा फुटतात किंवा फुटतच नाहीत.

शेंडा कापण्याची आणि लावण्याची जागा

शेंडा कापला की वरून येणारा रोधक संदेश थांबतो आणि खालच्या पेऱ्यांवरचे डोळे फुटतात. एका खोडाची बहुधा दोन होतात. म्हणून पहिल्या एक-दोन छाटण्यांत खोडवा, म्हणजे शेंडा कापल्यावर उरलेले मुळासकट खोड, ठेवणे फायद्याचे असते, पण त्यासाठी उरलेल्या खोडावर निदान दोन-तीन पेऱ्यांची निरोगी पाने असली पाहिजेत. बगलफुटीने खोडवा दाट होत जातो, दाट होताच आतली सावली वाढते, आणि त्यानंतर मात्र खोडवा उपटून त्याजागी शेंडे लावणेच योग्य. बुडखा कुजण्याची तक्रार जिथे वर्षानुवर्षे चालते, तिथे बहुतेक वेळा वरचे शेंडे खुडून फेकून दिले जातात आणि म्हातारे बुडखे जपून ठेवले जातात. नेमके उलट करायला हवे.

कापलेल्या शेंड्याचे खालचे टोक पेऱ्याच्या अगदी खाली, अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असावे. पेऱ्याखाली लांब कांडे लोंबत राहिले तर त्याला मुळे फुटत नाहीत, ते कुजते आणि वर असलेल्या पेऱ्यालाही बाधा करते. खालच्या दोन-तीन पेऱ्यांवरची पाने नखाने ओरबाडण्याऐवजी कात्रीने कापावीत, देठाचा बारीक भाग राहिला तरी चालतो. तो वाळूत अडकून खोड धरून ठेवतो. मग चिमट्याने टोक पकडून चार-पाच सेंटिमीटर खोल, किंचित तिरके खोचावे, चिमटा सैल करून तो वेगळ्या दिशेने बाहेर काढावा. पाने न काढता पुरलेले खोड तरंगते आणि पुरलेली पाने वाळूत कुजतात. वाळूचा थर पाच ते सात सेंटिमीटर आणि कण एक ते तीन मिलिमीटर असले की बहुतेक स्टेम प्लांट उभी राहतात. त्याहून जाड गोट्यांत नाजूक खोडे चेचली जातात.

लावलेले खोड मूळ धरेपर्यंत, म्हणजे साधारण दहा-बारा दिवस, हलवू नये. मूळ धरले की नाही हे पाहण्यासाठी ओढून पाहण्याची गरज नाही. शेंड्याला नवी पाने येऊ लागली की मुळे फुटली असे मानावे.

भूक ओळखणे

रचना आणि छाटणी सुधारूनही पाने गळत असतील, तर अन्नाकडे वळावे. आता डाग आणि भोके बारकाईने पाहावीत. पालाशाची कमतरता हायग्रोफिलावर सर्वांत स्पष्ट दिसते. सुरुवातीला जुन्या पानावर सुईच्या टोकाएवढा गडद ठिपका येतो, त्याभोवती पिवळे कडे धरते, मग मधला भाग गळून भोक पडते आणि भोकाची कड तपकिरी राहते. शेजारची भोके एकमेकांना मिळाली की पान जाळीदार होते. याचा दोष गोगलगायींवर टाकला जातो, परंतु मत्स्यालयातल्या सामान्य छोट्या गोगलगायी मुख्यतः मरणारे पानच खातात. पिवळे कडे आधी आणि भोक नंतर, हा क्रम दिसला तर पान आतून बिघडले आहे. नत्र कमी असेल तर भोके पडत नाहीत. जुने पान सबंध पिवळे होते आणि झाडाची वाढ मंदावते. जुन्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमकडे पाहावे, विशेषतः पाणी आरओचे किंवा अतिशय मृदू असेल तेव्हा.

माशांच्या खाद्यातून नत्र आणि स्फुरद पुरेसे येते, पण पालाश त्या मानाने कमी येते, आणि नळाच्या पाण्यातही ते सहसा थोडेच असते. मासे कमी आणि झाडे जास्त असतील तर नत्रही संपते. म्हणून खत देण्यापूर्वी नायट्रेटची चाचणी करावी. चाचणीचा आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेट-नत्राचा, हे संचावर पाहून घ्यावे, कारण नायट्रेट-नत्राचा १ मिलिग्रॅम म्हणजे नायट्रेटचे सुमारे ४.४ मिलिग्रॅम.

नायट्रेट लिटरमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर पोटॅशियम नायट्रेट योग्य: १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम टाकल्यास नायट्रेट लिटरमागे सुमारे ६.१ आणि पालाश, म्हणजे पोटॅशियम, सुमारे ३.९ मिलिग्रॅमने वाढते. नायट्रेट आधीच २० किंवा त्याहून जास्त असेल तर पोटॅशियम सल्फेट वापरावे. त्याच्या १ ग्रॅमने १०० लिटर पाण्यात पोटॅशियम सुमारे ४.५ मिलिग्रॅमने वाढते आणि नायट्रेट वाढत नाही. सोप्या स्टेम प्लांटसाठी नायट्रेट १० ते २० आणि पोटॅशियम १० च्या आसपास असले की पुरे. ही मात्रा एकदम न देता आठवड्यात दोन-तीन वेळा विभागून द्यावी आणि दर आठवड्याला निम्मे पाणी बदलावे. असे केले तर झाडांनी काहीच शोषले नाही तरी पाण्यातले प्रमाण आठवड्याच्या मात्रेच्या दुपटीपलीकडे साचत जात नाही, त्यामुळे अंदाज थोडा चुकला तरी धोका राहत नाही.

मात्रा काढताना टाकीचे लिहिलेले लिटर धरू नयेत. ६० × ३० × ३६ सेंटिमीटरची टाकी ६५ लिटरची म्हणून ओळखली जाते, पण तळाशी ६ सेंटिमीटर वाळू आणि वर ३ सेंटिमीटर मोकळी जागा सोडली तर पाणी सुमारे ४९ लिटरच असते. दगड आणि लाकूड असेल तर त्याहूनही कमी.

नवी पाने फिकट येत असतील तेव्हाच लोहाचा विचार करावा, आणि तेव्हा पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, पाहावा. ईडीटीए आणि डीटीपीए ही लोहाला पाण्यात विरघळलेले धरून ठेवणारी संयुगे आहेत. ईडीटीएसोबत बांधलेले लोह पीएच ७ च्या वर लवकर निसटून झाडाला मिळेनासे होते. अशा पाण्यात डीटीपीए स्वरूपातले लोह जास्त टिकते.

कार्बन आणि प्रवाह

हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात २५ अंश तापमानाला कार्बन डायऑक्साइड लिटरमागे जेमतेम ०.६ मिलिग्रॅम असतो, आणि हवेच्या मानाने तो पाण्यात सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. त्यामुळे दाट जुडीच्या आतल्या, स्थिर पाण्यातल्या पानांना तो मिळत नाही. कार्बन डायऑक्साइड सोडणारी गॅसची टाकी बसवण्याआधी फिल्टरचा प्रवाह जुडीच्या बुडख्यापर्यंत पोहोचतो का, हे पाहावे. खालची पाने किंचित डोलत असली पाहिजेत. वर सांगितलेल्या सोप्या जातींसाठी गॅस आवश्यक नाही, असे माझे ठाम मत आहे. पण गॅस नसताना दिव्याची तीव्रता वाढवणे टाळावे.

द्रवरूप कार्बन म्हणून विकली जाणारी बहुतेक द्रावणे ग्लुटारल्डिहाइडची असतात. एजेरिया आणि व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतींना ती सोसत नाहीत. ती वापरायला लागल्यानंतर झाडे विरघळल्यासारखी झाली असतील तर आधी तेच बंद करावे. माशांच्या आजारावर तांबेयुक्त औषध दिले असेल तर तेही लक्षात घ्यावे. पाणी बराच काळ ३० अंशांच्या वर राहिले तर झाडाचे श्वसन वाढते आणि पाण्यात विरघळणारा ऑक्सिजन घटतो, तेव्हा सावलीतला बुडखा सर्वांत आधी जातो. गोल्डफिश असतील तर झाडे उपटली जाणे आणि खाल्ली जाणे हे वेगळेच कारण आहे.

बदल केल्यावर

एका वेळी एकच बदल करावा आणि दोन ते तीन आठवडे थांबावे. भोके पडलेले किंवा पिवळे झालेले पान पुन्हा सुधारत नाही, म्हणून जुन्या पानांकडे पाहून उपाय फसला असे ठरवू नये. बदल केला त्या दिवशी शेंड्याखालच्या एका पेऱ्याची जागा काचेवर बाहेरून लहानशी खूण करून ठेवावी. त्या खुणेच्या वर वाढलेली पाने तीन आठवड्यांनंतरही पूर्ण आणि एकरंगी असतील तर उपाय लागू पडला; मग खुणेच्या वरचा भाग कापून लावावा आणि खालचा काढावा.

एवढे करूनही एखादी जात टिकत नसेल, तर ती बदलावी. कबोंबा मंद प्रकाशात वारंवार गळते. त्याच जागी हायग्रोफिला पॉलिस्पर्मा सहज वाढते, आणि हॉर्नवर्टला तर मुळेच नसल्याने बुडखा पुरण्याचा प्रश्नच येत नाही, ती तरंगती ठेवता येते. एजेरिया आणि हॉर्नवर्ट कार्बनसाठी पाण्यातले बायकार्बोनेटही वापरू शकतात, म्हणून कठीण पाण्यात त्यांची वाढ चांगली होते. छाटलेला पाला कोणत्याही परिस्थितीत तलावात, ओढ्यात किंवा गटारात टाकू नये, कारण यातल्या अनेक जाती एका पेऱ्यापासून नव्याने वाढतात आणि परक्या पाण्यात पसरून तिथल्या वनस्पतींना हटवतात. तो उन्हात पूर्ण वाळवून मगच कुंड्यांच्या खतात मिसळावा.